साफ केलेली चाल

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच मागे. मधली सुट्टी नुकती संपली होती. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी आठवीच्या वर्गाकडे निघाले होते आणि व्हरांड्याच्या खिडक्याखिडक्यांतून दाबलेलं हसू फुटत होतं. वळून पाहिलं, तर एक किडकिडीत मुलगा हातात नसलेला गठ्ठा छातीशी धरून, डावा खांदा जरा पाडून, मधूनच उजवी चप्पल फरपटत माझ्यामागून येत होता. मी थांबले, तो थांबला. मी चष्मा वर सरकवला, त्यानेही सरकवला. त्याच्या नाकावर चष्मा नव्हता एवढंच.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तुम्ही चाललाय, बाई," तो म्हणाला.

शिक्षा करायची राहूनच गेली, कारण माझी उजवी चप्पल फरपटते हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलं त्याला झेरॉक्स म्हणत. मुख्याध्यापक, शिपाई, कवायतीचे सर, समोरच्या दुकानातली गल्ल्यावरची बाई, कुणीही सांगा, तो दोन पावलांत समोर उभं करायचा. पण त्याच्या नकलेत कुचेष्टा नसे. शिंपी मापं घेताना जसा माणसाकडे बघतो तसा तो बघायचा.

आणि त्याची आई खरोखरच शिवणकाम करायची. वडील तो लहान असतानाच गेलेले. घरात आई, दोन वर्षांनी मोठी ताई आणि हा. पालकसभेला आई आली तेव्हा दारातच मला वाटलं, हिचा तोल गेला. तोल जात नव्हता. पाऊल जमिनीला टेकण्याआधी हवेत एक झटका घ्यायचं, मग गुडघा अचानक खचायचा, आणि हाताची बोटं न दिसणारी पेटी वाजवावी तशी सारखी हलायची. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दिवसाढवळ्या पिऊन आलीय." झेरॉक्स जागेवरून उठला, दारापर्यंत गेला, आईचा हात धरला आणि तिच्या बरोबरीनं, तिच्यासारखाच झटका देत, गुडघा खचवत, तिला बाकापर्यंत घेऊन आला. आई खुदकन हसली.

"मेल्या, पाय पण माझेच चोरतोस होय?"

आजार तिच्या वडिलांकडून तिला आला होता. तिला चौतिसाव्या वर्षी सुरू झाला: आधी शिलाई मशीनच्या पायट्यावरचा ठेका चुकायला लागला, मग हातातून कात्री निसटायला लागली. अशा आजारात मेंदू हळूहळू हात-पाय-जीभ यांच्यावरचा ताबा सोडतो आणि आजार मागे फिरत नाही. अपत्याला येण्याची शक्यता अर्धी.

आनुवंशिकतेचा धडा शिकवून झाला त्या दिवशी तो वर्ग रिकामा होईपर्यंत दप्तर भरत राहिला.

"बाई, अर्धी शक्यता म्हणजे ताई आणि मी, दोघांतल्या एकालाच ना?"

"नाही रे. प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं. दोघांना येईल, एकाला येईल, कुणालाच येणार नाही."

"आणि चौतीस झाल्यावर कळतं?"

"वयाचा असा नियम नसतो. कुणाला लवकर, कुणाला फार उशिरा."

त्याने मान डोलावली. पहिलं उत्तर त्याने बरोबर नेलं. दुसरं बाकावरच ठेवून गेला.

शाळा सुटल्यावर मुलं विरून जातात. हा मात्र येत राहिला. पुढचं शिक्षण अर्धवट सोडलं, पार्सलं पोचवली, खेळण्यांच्या दुकानाबाहेर अस्वलाचा पोशाख घालून उभा राहिला. तिथेच एका माणसाने त्याला पाहिलं. तो माणूस व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओतला दिग्दर्शक होता. "अस्वलाच्या आत कोण आहे ते दाखव," तो म्हणाला म्हणे. "इतकं खरं थकलेलं अस्वल मी पाहिलं नव्हतं."

स्टुडिओ बघायला मी एकदा गेले होते. पूर्वीचं गालिच्यांचं गोदाम. आत एक मोठं रिकामं दालन, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांचे चौकोन, छताच्या कडेने कॅमेरेच कॅमेरे. अंगासरसा काळा सूट घालायचा, त्यावर सांध्यासांध्याला करड्या गोट्या चिकटवायच्या. कॅमेऱ्यांना माणूस दिसतच नाही, फक्त गोट्या दिसतात. त्या ठिपक्यांवरून संगणक सांगाडा उभा करतो आणि सांगाड्यावर चित्रकार वाटेल ते शरीर चढवतात. सुरुवातीला दोन्ही हात पसरून पुतळ्यासारखं उभं राहायचं, मग चालायचं, पडायचं, मरायचं.

"दिवसातून किती वेळा मरतोस?" मी विचारलं.

"जेवणाआधी जास्त, बाई. जेवणानंतर मरायला अंग जड होतं."

गेमची गोष्ट त्याने मला जिन्यावर बसून सांगितली. माणसं संपत आलेली आहेत. उरलेल्या एका शहरात मूल हवं असेल तर आधी प्रयोगशाळेत जावं लागतं. काचेच्या नळकांड्यात गर्भाची जनुकं बदलतात: हाडं टणक, डोळे अंधारात बघणारे, आजार कसला म्हणून नाही. ज्यांच्यात बदल नीट बसले ते 'निवडक'. ज्यांच्यात फसले त्यांना शहराखालच्या तळघरांत सोडून देतात, ते 'नापास'. खेळणारा निवडकांतला एक असतो. त्याने तळघरांत उतरायचं, वाटेत येणाऱ्या नापासांना गोळ्या घालायच्या, त्यांच्या शरीरातली कामाची जनुकं काढून स्वतःला टोचून घ्यायची आणि पुढच्या तळघरात जायचं.

"नापास हे नाव कुणी ठेवलं?"

"लेखकाने. का, बाई?"

"काही नाही. ओळखीचा शब्द आहे."

दोन्ही चाली त्याच्याच होत्या. निवडकासाठी त्याने कुणाचीच नक्कल केली नाही. पाठ ताठ ठेवून आपलं आपलं चालला. नापासांसाठी त्याने आईची चाल दिली.

आईला विचारून दिली. ती तोवर खिडकीजवळच्या पलंगावरून उठू शकत नव्हती, बोलणंही एखाद्या शब्दापुरतं उरलं होतं. त्याने मांडीवर लॅपटॉप घेऊन तिला दाखवलं: अंधाऱ्या बोगद्यातून एक राखाडी, केस नसलेलं शरीर येतंय, पाऊल हवेत झटका घेतंय, गुडघा खचतोय. आईने बराच वेळ पाहिलं.

"मी," ती म्हणाली. आणि हसली.

गोळी सुटायच्या आत त्याने लॅपटॉप मिटला. ती त्यानंतर वारंवार मागायची, आणि तो दर वेळी तेवढंच दाखवून मिटायचा. चालता येत नव्हतं त्या वर्षांत ती स्वतःला चालताना बघायची. खेळणारे लोक इंटरनेटवर लिहायचे की नापासांची चाल बघून अंगावर काटा येतो, ही कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. तो ते वाचून दाखवायचा नाही.

आई गेली. वर्षभराने ताईने हॉस्पिटलात जाऊन रक्ताची तपासणी करून घेतली. आजार तिच्याकडे आला नव्हता. ही बातमी भावाला कशी सांगावी म्हणून ती माझ्याकडे येऊन रडली. त्याने मात्र ऐकल्याबरोबर तिला उचलून गरागरा फिरवलं. "ताई सुटली, बाई! पार्टी!"

"आता तूही एक सुई टोचून घे," ताई म्हणाली.

"कशाला? मला दर शुक्रवारी फुकटात कळतं."

शुक्रवारी स्टुडिओत आठवड्याचं तयार झालेलं काम मोठ्या पडद्यावर दाखवत. तो पहिल्या रांगेत बसून निवडकाची चाल बघायचा. तिच्यात एक झटका नाही, एक बोट वावगं नाही. "छतावर इतके कॅमेरे आहेत, बाई. केसभर हललं तरी पकडतात. त्यांना दिसत नाही ते डॉक्टरला काय दिसणार?"

"आजार दिसायच्या आधी रक्तात असतो," मी म्हटलं.

"असू दे की. चौतीस होऊ द्या, मग बघू."

चौतिसाचं त्याने मनात पक्कं करून ठेवलं होतं. आईला ज्या वयात लागला ते वय उलटलं की आपण सुटलो. स्टुडिओत सूट शिवणारी, अंगावर चढवून देणारी एक मुलगी होती. सगळे तिला सूटवाली म्हणत. तिच्यावर त्याचा जीव होता आणि तिचाही त्याच्यावर. तिला त्याने सगळं आधीच सांगितलं होतं. चौतिसावं सरेपर्यंत लग्न नाही, मूल नाही. ती थांबली. तो पस्तीस वर्षांचा झाला, शुक्रवारी पडद्यावर निवडक दोरी लावल्यासारखा सरळ चालत गेला, आणि पुढच्याच महिन्यात दोघांनी सरकारी कचेरीत सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मी होते. त्यांना मुलगी झाली. तिला सगळे ठकी म्हणतात.

ठकी पहिलं पाऊल टाकायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला ताई होती, मी होते आणि स्टुडिओतला त्याचा मित्र होता. हा मित्र स्वतःला सफाईवाला म्हणवून घ्यायचा. गोट्या सरकतात, कापडाला सुरकुती पडते, हात आड येतो. मग पडद्यावरचं शरीर मध्येच दचकतं. ते दचकणं एकेक करून पुसून काढायचं, हे त्याचं काम.

"वहिनी, भात झकास झालाय," तो म्हणाला. "सूट मात्र तुमचे ढिले."

सूटवालीने भाताचा चमचा तिथेच थांबवला. "कुणाचा सूट ढिला?"

"तुमच्या ह्यांचाच. डाव्या मनगटाचे ठिपके रोज उड्या मारतात. माझ्या चष्म्याचा नंबर तुमच्यापायी वाढला."

"माझ्या सुटाला नावं ठेवायची नाहीत हं, भाऊजी. मनगटाला दोन पट्ट्या असतात माझ्या. बोट घालून दाखवा, जात असेल तर."

"मग गोंद वाईट."

"गोंद गेल्या वर्षीच बदलला. गोट्याही नव्या आणल्या."

"तेच तर! नव्या आणल्या तरी उड्या त्याच. मनगटाचं एक सोडा, डाव्या पायाच्या अंगठ्याचं काय? बूट कोण बांधतं?"

"मी बांधते. तुमचाच कॅमेरा हलला असेल."

"कॅमेरे रोज सकाळी जुळवतो आम्ही, वहिनी. आणि कॅमेरा हलला तर सगळ्यांचंच हललं पाहिजे. ती दुसरी नटी आहे, तिच्या ठिपक्यांना हात लावावा लागत नाही मला. फक्त ह्याच्याच." तो हसला. "तुमच्या नवऱ्याला सुटाची ॲलर्जी आहे, दुसरं काय?"

ताई भावाच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात पाण्याच्या ग्लासाशेजारी टेबलावर पडला होता. करंगळी किंचित उचलली गेली, खाली आली. मग तिच्या शेजारचं बोट. त्याला त्याचा पत्ता नव्हता. मीसुद्धा जेवणाच्या सुरुवातीपासून ते पाहत होते आणि कुठल्यातरी गाण्याचा ठेका धरलाय असं समजत होते.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"उड्या."

"झाली की तीन वर्षं. गेमच्या दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं ना, तेव्हापासून. पण तू कशाला काळजी करतोस? मी सगळं काढतो. शुक्रवारच्या आत पार लख्ख. कुणाला कळत पण नाही."

"हो," झेरॉक्स म्हणाला. "मला नाही कळलं."

तीन वर्षं म्हणजे लग्नाच्या आधीपासून. ज्या शुक्रवारी पडद्यावर बघून त्याने लग्न ठरवलं, तो पडदाही साफ केलेलाच होता. सूटवालीने हातातला चमचा भातात खोवला आणि ठकीला उचलून आतल्या खोलीत गेली. सफाईवाला एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला त्या घरच्या आजाराचं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ताईने सांगितलं, चार वाक्यांत. तो उठला, हात धुतले आणि हात धुतल्यावर नळ बंद करायचं विसरून तिथेच उभा राहिला.

साफ न केलेलं मूळ रेकॉर्डिंग स्टुडिओ जपून ठेवतो. ते बघायचंच असं झेरॉक्सने ठरवलं आणि जाताना ताईला व मला बरोबर घेतलं. काळ्या पडद्यावर माणूस नव्हता, नुसते पांढरे ठिपके होते, आणि तरीही तो तोच होता. त्याच्या खांद्यांची ठेवण मी कुठेही ओळखली असती. ठिपके चालायला लागले. चालता चालता मनगटाच्या ठिपक्याने एक हिसका घेतला. थोड्या वेळाने पायाच्या अंगठ्याच्या ठिपक्याने घेतला. सफाईवाल्याने तारखेप्रमाणे पुढची पुढची रेकॉर्डिंग लावली, तसे हिसके दाट होत गेले.

"पुरे," ताई म्हणाली.

"लाव," झेरॉक्स म्हणाला. "अजून लाव."

सफाईवाला रडायला लागला. "मला काय माहीत रे? मला वाटायचं, कचरा आहे."

"तू काम चोख केलंस. तुझ्याइतकं साफ कुणी करत नाही." त्याने मित्राच्या पाठीवर हात ठेवला. डावाच ठेवला, आणि तो पाठीवर स्थिर राहीना, तेव्हा काढून खिशात घातला.

मग त्याने हॉस्पिटलात जाऊन सुई टोचून घेतली. निकालात नवीन काही नव्हतं. डॉक्टरबाई समजुतीने बोलल्या. आज यावर औषध नाही, त्रास कमी करता येतो. मुलीची तपासणी आत्ता करायची नाही, ती सज्ञान झाली की तिचं ती ठरवेल. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "गेममध्ये कसं, बाई, नळकांड्याशी उभं राहायचं, बटण दाबायचं, खराब जनुक लाल दिसतं, ते काढून टाकायचं. एवढी वर्षं दाबतोय मी ते बटण. सवयीने मला वाटलं, ही बाई आता विचारेल, दाबू का म्हणून."

सूटवाली काही दिवस कुणाशी बोलत नव्हती. एकदा मी गेले तेव्हा ती ठकीचे कपडे घडी करत बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी रागवायचं कुणावर, बाई? रोज सकाळी ते मनगट माझ्याच हातात असायचं. पट्टी ओढताना हात हलायचा तर मी म्हणायची, गप्प उभा राहा की जरा."

तिने ढिगातलं पुढचं झबलं उचललं.

"त्याला तेव्हाच कळलं असतं तर त्याने लग्न केलं नसतं. ही नसती. मग तेव्हाच कळायला हवं होतं असं म्हणू? म्हणवत नाही. कळलं नाही तेच बरं, असं म्हणू? तेही म्हणवत नाही." घडी केलेलं झबलं तिने पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी केली.

तेवढ्यात गेमचा तिसरा भाग निघायचं ठरलं. दिग्दर्शक स्वतः घरी आला. भला माणूस, खुर्चीच्या कडेला बसून बराच वेळ चहाकडे बघत राहिला. नापासांसाठी नव्या हालचाली हव्या होत्या. झेरॉक्सला जमेल तोवर, त्याला जमेल तितकाच वेळ, पगार पूर्ण. "सफाई करणार नाही," तो म्हणाला. "जसं येईल तसं ठेवू. तुला वाईट वाटणार असेल तर मी बोललोच नाही असं समज."

"वाईट कसलं? आता तर नक्कलही करावी लागणार नाही," झेरॉक्स म्हणाला. दिग्दर्शकाला हसावं की नाही कळेना. "पण नको."

तो गेल्यावर मी कारण विचारलं. पगाराची गरज होती, हे मला माहीत होतं.

"आईला मी गोळी लागलेली कधी दाखवली नाही, बाई. आधीच मिटायचो. ठकी मोठी होईल, तेव्हा हे गेम कुठे ना कुठे असतीलच. तिच्यासमोर वेळेवर कोण मिटणार?" मग म्हणाला, "आईच्या वेळी मला हे सुचलं नाही. तेव्हा ती चाल मी घरी येताना उतरवून ठेवायचो."

त्याच्या नकारामुळे तिसरा भाग अडला नाही. जुनी रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीची होती. निवडक पूर्वीसारखाच सरळ चालत तळघरांत उतरतो, नापास त्याच्या अंगावर येतात, आणि तो त्यांना मारतो. माझ्या शेजारच्या घरातून कधी कधी त्या गेमचे आवाज येतात. शेजाऱ्यांना मी काही सांगितलेलं नाही.

सफाईवाला आता कुठलाही ठिपका पुसण्याआधी त्या माणसाला जाऊन विचारतो, "तब्येत बरी आहे ना?" नव्या मुलांना ती थट्टा वाटते. ताई दर रविवारी येते आणि ठकीला बाहेर घेऊन जाते, म्हणजे त्या दोघांना भांडायला मोकळं घर मिळतं, असं तीच म्हणते. भांडणं होतात. त्याच्या हातून बश्या फुटतात, चीड पटकन येते. ती आजाराची की त्याची, हे सूटवालीलाही नेहमी कळत नाही.

स्टुडिओने त्याला ठेवून घेतलं आहे. सकाळी दालन रिकामं असताना कॅमेरे जुळवायचे, ते काम तो आता चाकांच्या खुर्चीवर बसून करतो. दुपारी सूटवाली त्याला स्कूटरवर मागे बसवून घरी आणते. त्याची पकड मध्येच सुटते म्हणून तिने सुटाच्याच कापडाचा एक रुंद पट्टा शिवलाय. तो दोघांच्या कमरेभोवती बांधून ती स्कूटर सुरू करते.